गुड्डीच्या वाटचा ओ

सुलोचनाबाई लांजेवार जन्मात दोनदाच जिल्ह्याबाहेर झोपल्या. एकदा नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात, सासूच्या उशाशी. दुसऱ्यांदा थेट ऑस्ट्रेलियात, तांबड्या मातीवर, तंबूत. पवनी तालुक्यातल्या बायकांना यातलं दुसरं अजूनही पटत नाही. पोरगा एवढा परदेशी कमावतो आणि मायबापाला तंबूत झोपवतो, हे कोणाच्या गळी उतरेल?

पण झोपवलं होतं खरं. सचिन तिकडे मोठमोठे ट्रक दुरुस्त करतो. आईबाबा पहिल्यांदाच आलेत म्हणून त्यानं आठ दिवसांची रजा काढली, उंच चाकांची गाडी घेतली, त्यात दोन तंबू, गॅसची शेगडी, बर्फाची पेटी आणि पाण्याचे डबे भरले आणि सगळ्यांना घेऊन देशाच्या पोटात निघाला. बायको रीता, ती दिघोरीची. चार वर्षांची पोर कामिनी. आणि मागच्या सीटवर लुगड्यावर स्वेटर घातलेल्या सुलोचनाबाई आणि त्यांचे मालक तेजरामभाऊ.

तिकडची गावं म्हणजे काय, तर एक पेट्रोल पंप, एक दारूचं दुकान, एक टपाल कचेरी आणि उंचावर पाण्याची टाकी. वस्ती सगळी मिळून आपल्या कोंढ्याच्या एका आळीएवढी. ते संपलं की दीडदोनशे किलोमीटर नुसती माती, काटेरी झुडपं आणि तीन-तीन डबे ओढत जाणारे ट्रक. तेजरामभाऊ पहिले दोन दिवस खुशीत होते. प्रत्येक मुक्कामाला खाली उतरून पायानं माती उकरायचे आणि एकच विचारायचे, "एवढी जमीन पडीत काहून ठेवली बा यायनं?" सचिननं चारदा सांगितलं की इथे पाऊसच नाही. पाचव्यांदा त्यानं सांगणं सोडून दिलं.

सुलोचनाबाईंचं मात्र वेगळंच चाललं होतं. सकाळी तंबू उकलले, सामान गाडीत चढलं, की त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून उभ्या राहत आणि एकेकाला नावानं हाक मारत. सचिन. रीता. कामिनी. ज्याचं नाव येईल त्यानं "ओ" म्हणायचं. मालकाचं नाव कसं घ्यायचं, म्हणून तेजरामभाऊंसाठी "सचिनचे बाबा" अशी हाक. मग आपलं स्वतःचं नाव, आणि त्याचा ओ पण स्वतःच. सगळे ओ आले की शेगडी ठेवली होती तिथे तांब्याभर पाणी टाकायचं आणि मागे न बघता गाडीत बसायचं.

ही लांजेवारांच्या घरची जुनी रीत. त्यांच्या सासू कुंताबाई जत्रेला बंडीनं जायच्या, तेव्हा वाटेत मुक्काम पडे. कुंताबाई म्हणायच्या की माणूस जिथे झोपतो तिथे त्याचा जीव जरासा गुंततो. बैल जुंपण्याआधी घरातल्या मोठ्या बाईनं चुलीच्या दगडांपाशी उभं राहून सगळ्यांना हाक मारायची, नाहीतर माणूस पुढे जातो आणि जीव मागे बसून राहतो. लेकरू लहान असलं, त्याला बोलता येत नसलं, तर त्याच्या वाटचा ओ आईनं द्यायचा. सचिनला हे ऐकून हसू यायचं. कामिनीला मात्र हा खेळ इतका आवडला की आपलं नाव येण्याआधीच ती दोनदा ओ देऊन मोकळी व्हायची.

पाचव्या दिवशी ते एका मेलेल्या गावापाशी उतरले. मेलेलं म्हणजे अगदी मेलेलं. दगडी भिंती उभ्या, छप्परं नाहीत, दारांना पल्ले नाहीत. घराघरात चूल होती ती भिंत आणि धुराडं तेवढं शाबूत. सचिननं पाटी वाचून सांगितलं की इथे कधीकाळी रेल्वे आली, लोकांनी गहू पेरला, दोन वर्षं पिकला, मग पाऊस गेला तो गेलाच, आणि एकेक घर उठून निघून गेलं. सुलोचनाबाई एका उंबरठ्याशी थांबल्या. दगड मधोमध पायांनी झिजला होता.

त्यांचंही गाव असंच उठलं होतं, दहा वर्षांपूर्वी. फरक एवढाच की यांचं पाण्याविना गेलं आणि त्यांचं पाण्यात. गोसीखुर्द धरणाचं पाणी वैनगंगेतून मागे चढत आलं, सरकारनं वर माळावर नंबर घातलेले प्लॉट दिले, आणि लोक दारं-खिडक्या उखडून ट्रॅक्टरवर टाकून निघाले. त्या दिवशीही सुलोचनाबाईंनी चुलीपाशी उभं राहून हाका मारल्या होत्या. जिवंत माणसांना तर मारल्याच, घरातल्या गेलेल्यांनाही मारल्या, कारण त्यांनाही नव्या घरी न्यायचं होतं. सासू, सासरे, लढाईहून न परतलेला चुलतसासरा. कोणाला सोडलं नाही. सोडलं ते फक्त एकीला.

गुड्डी त्यांची पहिली लेक. सचिन व्हायच्या तीन वर्षं आधी, ऐन पावसाळ्यात, साडेतीन वर्षांची असताना तापानं गेली. नदीला पूर होता. पवनीला न्यायचं तर डोंग्यानं न्यावं लागलं असतं, आणि तेजरामभाऊ म्हणाले होते, सकाळी नेऊ. सकाळी न्यायला कोणी उरलं नव्हतं. तिला नदीकाठच्या मोहाच्या झाडाखाली पुरलं, आणि घरी आल्यावर तेजरामभाऊंनी सांगितलं की या घरात तिचं नाव निघायला नको. पस्तीस वर्षं निघालं नाही. गाव सोडताना ते शेजारी उभे होते, सुलोचनाबाईंच्या ओठापर्यंत आलेलं नाव ओठातच राहिलं, आणि ट्रॅक्टर निघाला. पुढच्या पावसाळ्यात मोहावरून पाणी गेलं. तेव्हापासून नव्या घरी त्या कोणालाही हाक मारत, तर ओ आल्यावरही क्षणभर थांबत. अजून एक ओ यायचा राहिला आहे असं त्यांना वाटे, आणि ते वाटणं दहा वर्षांत एक दिवसही गेलं नाही.

त्या गावाच्या टोकाला मसणवट होती. सचिननं एका बुटक्या दगडावरची अक्षरं वाचली. मुलीचं नाव होतं, वय तीन वर्षं चार महिने. सुलोचनाबाई तिथेच मातीत बसल्या. तेजरामभाऊ गाडीपाशी उभे होते, ते तिथून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबू उकलले. सुलोचनाबाई रिकाम्या जागेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सचिन. ओ. रीता. ओ. आणि पुढचं नाव त्यांच्या तोंडून निघालं ते गुड्डी.

"ओ," कामिनी म्हणाली.

तिला काय ठाऊक? आपली पाळी आली एवढंच तिला कळलं. सचिन हसला, रीता हसली. तंबूची दोरी गुंडाळणारे तेजरामभाऊंचे हात मात्र थांबले. हाक मेलेल्या लेकराला होती आणि जिवंत लेकरानं तिला ओ दिला होता. आता कोणाचा जीव कोणाबरोबर आला आणि कोणाचा इथे राहिला, हे सांगायला कुंताबाई नव्हत्या. त्यांनी कामिनीला तिच्या नावानं तीनदा हाक मारली. पोर एव्हाना गाडीत चढून बसली होती, खेळणं शोधत होती. तिनं एकदाही ओ दिला नाही.

दुपारी गाडीत तिला ताप भरला. ऊन लागलं असं पुढच्या गावातली नर्स म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरलाही. पण परतीच्या वाटेवर कामिनी खेळता खेळता मधेच म्हणे, "ओ." कोणाला ग ओ देते, असं रीतानं विचारलं, तर म्हणाली कोणीतरी बोलावलं. रीतानं ते मनावर घेतलं नाही. लेकरं असं काहीबाही करतातच. सुलोचनाबाईंनी मात्र उरलेल्या मुक्कामांवर हाका मारल्या नाहीत. सचिननं विचारलं तर घसा बसला म्हणाल्या.

घरी परतून पंधरा दिवस झाले. नवरा-बायको एका घरात राहून एकमेकांना पाठमोरे वागत होते. एका रविवारी सचिनचा फोन आला. तो हसत हसत सांगत होता की कामिनीला नवं खूळ लागलं आहे, मला गुड्डी म्हणा म्हणते, दुसऱ्या नावाला ओच देत नाही. सुलोचनाबाईंनी फोन तेजरामभाऊंच्या हातात दिला आणि त्या आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी भात शिजवला, पण खाल्ला नाही.

सोमवारी सकाळी तेजरामभाऊंनी फटफटी बाहेर काढली. "चाल," म्हणाले. कुठे ते त्यांनी सांगितलं नाही आणि सुलोचनाबाईंनी विचारलं नाही. धरणाच्या काठावर डोमा डोंगा धूत होता. डोमा त्याच गावचा, तेजरामभाऊंच्या वर्गातला, आता धरणात मासे धरतो. बुडालेल्या गावातलं कोणाचं घर कुठे, हे त्याला जाळं कुठे अडकतं त्यावरून ठाऊक. तेजरामभाऊंनी मोहाचं नाव काढलं तेव्हा त्यानं एकदा दोघांकडे पाहिलं आणि वल्हं उचललं.

उन्हाळा सरत आला होता, पाणी बरंच उतरलं होतं. मारुतीच्या देवळाचा कळस हातभर वर आला होता आणि त्याच्या पलीकडे मोहाचा काळा, वाळलेला शेंडा. डोमानं डोंगा शेंड्याला टेकवला. पाणी संथ होतं, खाली काही दिसत नव्हतं. सुलोचनाबाईंनी तोंड उघडलं, पण पस्तीस वर्षांच्या सवयीनं आधी मालकाकडे पाहिलं.

"घे," तेजरामभाऊ म्हणाले. "तिचं नाव आलं का मले थे सकाळ आठवते. म्हणून बंद केलं होतं मी. माह्यासाठी केलं होतं, अजून कोणासाठी नाही."

सुलोचनाबाईंनी हाक मारली. गुड्डी. पाण्यावरून आवाज देवळाच्या कळसापर्यंत गेला आणि तिथेच विरला. दुसऱ्यांदा मारली. शेंड्यावरचा पाणकावळा उडाला. तिसऱ्यांदा मारली आणि त्या वाट पाहत राहिल्या, घरी दहा वर्षं पाहिली तशीच. काहीच आलं नाही. मग त्यांना रडू फुटलं. ती रुसली, आता येत नाही, आपण तिला टाकून गेलो ते तिला कळलं, असं त्या म्हणत राहिल्या.

तेजरामभाऊ सरकून त्यांच्याजवळ आले. "लहान हाये ना थे," ते म्हणाले. "कशी देईन ओ? तिच्या वाटचा तू दे. मी हाक मारतो."

आणि त्यांनी मारली. एका हातानं मोहाचा शेंडा धरून, खाली पाण्यात पाहत, मोकळ्या गळ्यानं, वावरातून घराकडे मारायचे तशी.

"ओ," सुलोचनाबाई म्हणाल्या.

पाणी टाकून विझवायला चूल नव्हती, ती केव्हाच विझली होती. तरी त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि पाण्यातच सोडलं. डोमानं डोंगा फिरवला. परत येताना तिघांपैकी कोणीही मागे वळून पाहिलं नाही.

काठावर तेजरामभाऊंनी फटफटी सुरू केली आणि ते पार पुढे, टाकीला खेटून बसले. सुलोचनाबाई मागे बसल्या त्या अगदी सीटच्या टोकाला, पदर सावरून, एक हात मालकाच्या खांद्यावर लांबवून. डोमा बघत होता. बाई, खड्ड्यात गाडी उडाली तर पडाल, पुढे सरका, मधात लेकरू बसेल एवढी जागा आहे, असं तो म्हणाला. तेजरामभाऊंनी आरशात पाहिलं आणि गाडी अगदी हळू काढली. सरकलं कोणीच नाही.