घरचाच बेडका

बेडका हा शब्द लिहिला की वाचणारे नाक मुरडतात. मुरडोत बापडे. माझी उमेदीची वर्षं त्यातच गेली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपुरात क्षयरोग्यांच्या दवाखान्यात नवखी डॉक्टर होते, आणि आमच्या मोठ्या सरांनी एक संशोधन काढलं होतं. दवाखान्यात पडून राहणारा रोगी जितका बरा होतो, तितकाच घरी राहून गोळ्या घेणाराही होतो का, हे बघायचं होतं. त्यासाठी रोग्यांचं वजन करायचं, छातीचा फोटो काढायचा आणि दर महिन्याला सकाळचा पहिला बेडका डबीत घालून आणायला सांगायचा. डबीत जंतू दिसले नाहीत की रोगी सुधारला असं धरायचं.

बेडक्याच्या बाबतीत सर म्हणजे गांधीबागेतले कापडवालेच. डबी उजेडात धरून माल पारखायचे. पातळ दिसला की ओरडायचे, "ही लाळ आहे लाळ! लाळ तर माझ्या नातवालाही येते. दाट आणा!" बिचारे रोगी चळाचळा कापायचे. बऱ्या होत आलेल्या माणसानं दाट बेडका आणायचा कुठून, हा प्रश्न सरांना कधी पडला नाही, आणि त्यांना विचारायची आमची काय बिशाद!

या रोग्यांत एक बँडवाला होता. वरातीत क्लॅरनेट वाजवायचा. तोंडाचा असा फटकळ की रांगेतल्या खोकणाऱ्यांना हसवून हसवून आणखी खोकायला लावायचा. पण मनातून पार कावला होता. बँडच्या मालकानं त्याला बजावलं होतं, दवाखान्यातून 'जंतू नाहीत' असा कागद आणल्याशिवाय क्लॅरनेटला तोंड लावायचं नाही. तोवर त्याच्या हातात झांजा दिल्या होत्या.

"बाई, क्लॅरनेटवाल्याले झांज देणं म्हंजे नवरदेवाले पंगतीत वाढाले लावणं आहे," तो मला म्हणायचा. "पोट्टे हसून राहिले माह्यावर. द्या ना बाप्पा एकडाव तो कागद!"

गोळ्यांनी तो चांगला टुणटुणीत झाला. वजन वाढलं, फोटो सुधारला, खोकला तर पळालाच. मी म्हटलं, "आता डबी साफ निघाली की कागद तुमचा." आणि डबीत बघते तो काय, जंतूंची जत्रा! पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. त्याचं तोंड एवढंसं झालं. मलाही फार वाईट वाटलं.

सर मात्र हरखले. "छाती साफ आणि बेडका भरलेला! असा रोगी अख्ख्या विदर्भात शोधून सापडायचा नाही!" त्यांनी परिषदेत वाचायला निबंध लिहायला घेतला. परगावचे डॉक्टर आले की त्याला बोलावून दाखवायचे. हा सदरा वर करून उभा, आणि पाहुणे छातीला नळी लावून गंभीरपणे माना डोलावतायत. एकाला तो म्हणाला, "साहेब, आत कोणतं गाणं वाजून राहिलं? मले बी सांगा." पाहुणे भडकले, सर भडकले, आणि मी हसू लपवायला कपाटामागे गेले.

पण माझं डोकं काही स्वस्थ बसेना. दिसायला असा धडधाकट माणूस, आणि एवढे जंतू? एका सकाळी मी त्याला म्हटलं, "आज डबी इथंच भरायची. माझ्यासमोर." अंगणातल्या कडुनिंबाखाली उभं केलं. पठ्ठ्यानं खाकरून पाहिलं, छाती फुगवली, डोळे लाल केले, कडुनिंबावरचे कावळे उडवले. शेवटी काय, तर थेंबभर लाळ.

"मग दर महिन्याला तो दाट माल कुठून आणता हो?"

तो जमिनीकडे बघायला लागला. "घरचाच आहे, बाई. परक्याचा नाही."

"घरचा म्हणजे?"

"बायकोचा. मले काही येतच नाही, अन् लाळ आणली तं साहेब वसकन अंगावर येते. तिले सकाळी चांगला सुटते. म्हटलं, ती ठणठणीत बाई, तिच्यात कुठून येतीन जंतू? चांगल्या माणसाचा माल नेला तं कागद लवकर भेटन."

मी पोट धरधरून हसले. सरांचा निबंध, ते पाहुणे, त्यांच्या त्या नळ्या! तोही सुटका झाल्यासारखा हसायला लागला. मग हसता हसताच आपण कशाला हसतोय ते दोघांच्याही एकाच वेळी ध्यानात आलं.

"म्हंजे बाई, ते जंतू..." तो म्हणाला आणि डबी तिथंच टाकून घराकडे पळाला.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. फोटो काढला. एका बाजूचं फुप्फुस पार पोखरलेलं. मी तिच्यावर चिडलेच. "इतके दिवस खोकत होतात, सांगता नाही आलं?"

"त्याईचा खोकला मोठा होता, बाई," ती म्हणाली. "त्याच्यात माहा कोणाले ऐकू येते? अन् दोघंही निजलो असतो तं घर कोणी पाहिलं असतं?"

सरांनी निबंध फाडला. दिवसभर कोणाशी धड बोलले नाहीत. पण संध्याकाळी हुकूम काढला की यापुढे रोग्याच्या घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची. बँडवाल्याच्या घशात कापसाची काडी फिरवून खुद्द त्याची तपासणी केली. एकही जंतू नाही! कधीचाच बरा झाला होता पठ्ठा. मी त्याला कागद लिहून दिला. लग्नसराई तोंडावर होती, मला वाटलं, नाचेल.

तो कागद हातात धरून रडायला लागला. भर बाहेरच्या रांगेसमोर. "मी चोट्टा आहे, बाई. हिचा रोग डबीत भरभरून आणला अन् माहा कागद मागत राहिलो."

बायकोनं त्याच्या हातातला कागद घेतला, नीट घडी करून त्याच्याच खिशात घातला.

"रडू नका जी चारचौघात," ती म्हणाली. "तुम्ही आणला म्हणून तं समजलं. नाही तं मले तपासाले कोणी आणलं असतं?"