गिरणीच्या डब्यातले तेल

ती तक्रार आजही लक्षात आहे, ती तेलाच्या वासामुळे. १९५०नंतरची ती वर्षे. रेवसच्या बाजूला एका ठाण्यात मी फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच एका कोळिणीने तेलाचा डबा ओट्यावर आणून आपटला.

“सायेब, यान भेसल हाय! माझे पोरीचे हलदीला वडं टाकलं, त कढय फेसानं उतू गेली. व्याही माझ्याकडं बगून हसलं!”

त्या दिवसांत गावोगाव मुंबईच्या गिरणीच्या तेलाची हौस होती. पाहुणे यायचे असले की डब्याचेच तेल लागे. घाण्याचे तेल म्हणजे गरिबाघरचे, असा समज. भेसळ म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून मी दोन पंच बोलावले, पंचनामा करून डबा जप्त केला आणि तो विकणाऱ्या गुजराती दुकानदाराला ठाण्यात आणले.

“माल मुंबईचा छे, साहेब. लाँचने आला.”

“मग लाँचची पावती दाखव.”

पावती नव्हती. मी डबा पाहिला. लेबल मुंबईच्या गिरणीचे, पण झाकणाला कुणीतरी हाताने ओबडधोबड कथलाचा डाग दिला होता. बशीत थोडे तेल काढले. तळाला गाळ बसला आणि शेंगदाण्याचा ताजा वास आला. गिरणीच्या गाळलेल्या तेलात हे दोन्ही नसते. पंचक्रोशीत एकच घाणा उरला होता, एका विधवा तेलिणीचा.

आम्ही पोहोचलो तेव्हा म्हातारी बैलाच्या डोळ्यांवरची झापड सोडत होती. डबा पाहूनच ती समजली.

“मीच भरलं, फौजदार. रिकामे डबे दुकानदारानं दिले. मडक्यातलं माझं तेल कोणी घेईना, तेच डब्यात गेलं तर चार गावं मागायला लागली. घाणा बंद पडला तर या बैलाला खाटकाकडं धाडावं लागंल. धनी गेल्यापास्न आमी दोघंच आहोत.”

“आणि फेस?”

“लग्नसराईची घाई. तेल आठ दिस निवळायला ठेवायचं असतं. मी दोनच ठेवलं.”

कोळीण आमच्या मागोमाग आली होती. तिने घाण्यातल्या तेलात बोट बुडवून हुंगले.

“गो बाय! ह्यो त माझे आयशीचे चुलीवरचा वास! सांगायचं नाय का? मी थांबली असती.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सायेब, ती तक्रार फाडा.”

“कागद फाडता येत नाही, बाई.”

नमुना तपासणीत तेल शुद्ध निघाले. खोट्या लेबलाबद्दल दुकानदारावर खटला भरला. म्हातारीचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला. तिला आरोपी का केले नाही, असे वरिष्ठांनी विचारले, तेव्हा जे पाहिले तेच सांगितले.

वस्तू खोटी असल्याची तक्रार आली की गिऱ्हाइकाला नेमके काय हवे होते, हे आधी विचारावे, हे मी तिथे शिकलो. घाण्यावरून परतलो त्या संध्याकाळीच घरची वाणसामानाची यादी काढली. माझ्याच अक्षरात लिहिले होते: ‘गिरणीचे तेल, एक डबा’. ती ओळ खोडली आणि सुट्टीच्या दिवशी बरणी घेऊन घाण्यावर गेलो. बैल पेंड खात होता.

म्हातारीने बरणी घेतली, पण भरली नाही.

“आज न्हाय, फौजदार. अजून चार दिस निवळू दे.”