तंबूवरचं नाव

ती घटना आठवली की आजही आधी नाकात थिनरचा वास येतो. का, ते सांगते पुढे.

आष्ट्याजवळच्या एका ठाण्याची मी प्रभारी होते. यात्रेचा बंदोबस्त नुकताच उरकलेला, म्हणजे चहा गरम प्यायला मिळायचे दिवस. तेवढ्यात शेजारच्या गावच्या दूध संस्थेचे अध्यक्ष आले. सगळा गाव त्यांना आण्णा म्हणायचा. तक्रार अशी, की संस्थेच्या गोदामातून चार तंबू गेले. गावच्या शाळेचं गाइड पथक या संस्थेने दत्तकच घेतलेलं. गणवेश, सरावाची जागा, शिबिराला न्यायला दुधाचा टेम्पो, सगळं संस्थेचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुली वाईला शिबिराला निघणार होत्या, आणि तंबू नसलेल्या पथकाला तिथे प्रवेश नव्हता. सोबत आलेल्या गाइडच्या बाई नुसत्या रडत होत्या.

जागेवर जाऊन पाहणी केली. कुलूप शाबूत. तिथे टेम्पोचालकाने खबर दिली, "मॅडम, शेजारच्या रानात म्हसवडकडची मेंढरं बसल्यात. त्यांच्याकडं हिरवं कापड वाळत घातलेलं बघितलंय मी." झालं! आण्णांसकट जमलेले लोक लगेच म्हणाले, आत्ताच्या आत्ता हाकला त्यांना. मी म्हटलं, हाकलायचं नंतर बघू, आधी विचारू तर.

रानात मेंढपाळ बाई भाकरी थापत होती. मला बघून उठलीसुद्धा नाही.

"तंबू व्हय? आवं बाई, आमी आभाळाखाली निजणारी मानसं. तंबू घिऊन काय मेंढरं निजवू त्यात?"

"मग ते हिरवं कापड?"

"ते माझं न्हाई. तुमची अध्यक्षीणबाई कालव्यावर घासत बसलीया सकाळधरनं. वाळत घालाय जागा मागितली, म्हटलं घाला मेंढरं कोंडायच्या जाळीवर."

कालव्यावर गेले, तर आण्णांच्या पत्नी पदर खोचून, थिनरमध्ये फडकं बुडवून तंबू घासतायत. तीन झालेले, चौथा हातात.

"वहिनी, हे तंबू चोरीला गेलेत."

"चोरी कसली? धुणं काढलंय! गोदामाची किल्ली घरातच खिळ्याला असती."

चौकशी तिथेच संपली म्हणायची. तंबूवर वीतभर अक्षरांत आण्णांचं नाव, पुढे 'यांच्या सौजन्याने', आणि शेजारी दुधाची किटली रंगवलेली. मागच्या शिबिरात बाकीच्या पथकांनी या मुलींना 'किटल्या आल्या, किटल्या आल्या' म्हणून हैराण केलं होतं. यंदा काहीजणी येणारच नाही म्हणत होत्या. "ह्यांना लय सांगून बघितलं," वहिनी म्हणाल्या, "ऐकतील तर शप्पत. म्हटलं, घासून गुपचूप घड्या घालून ठेवावं. तर हे नेमकं आजच गोदाम उघडून बसलं."

आण्णांना तिथेच बोलावलं. आले ते लालबुंद होऊन.

"संस्थेच्या वस्तूवर नाव नको? घरातल्या भांड्यावर न्हाई घालत आपण?"

"भांडं दुसऱ्याच्या घरी जातंय, म्हणून नाव घालायचं. तंबू आपल्याच पोरींकडं हायत न्हवं? का त्याबी दुसऱ्याच्या?"

मी आण्णांना मुद्दाम विचारलं, "गुन्हा नोंदवायचा का? आरोपी समोरच आहे." त्यांनी बायकोचे थिनरने पांढरे पडलेले हात पाहिले. "न्हाई मॅडम. तक्रार मागं घेतो." मग बाह्या सारून वहिनींसोबत चौथा तंबू घासायला बसले.

"अगं, फडकं गोल फिरीव, गोल."

"रंगवताना इचारलंवतं का मला?"

नंतर आण्णांना मी मेंढपाळ बाईकडे घेऊन गेले. आळ चारचौघांत घेतला होता, तेव्हा माफीही चारचौघांतच मागायला लावली. ती म्हणाली, "माफी ऱ्हाऊ द्या, जाळी घाण झालीया, तेवढी धुऊन द्या." धुऊन दिली बरं का त्यांनी!

पुढचं गाइडच्या बाईंनी सांगितलं. आण्णा टेम्पोतून वाईपर्यंत गेले. फाटकावर कुणीतरी विचारलं, "कुणाचं पथक हे?" मुली एका सुरात ओरडल्या, "आमच्या आण्णांचं!" आण्णा पाठ फिरवून कितीतरी वेळ सुटलेलीच दोरी सोडत बसले म्हणे.

कुलूप न तोडता वस्तू गेली की आधी किल्ली ज्या घरात असते ते घर बघावं, हे मला आधीपासून ठाऊक होतं. नवं शिकले ते वेगळंच. मुलांच्या पाठीशी उभं राहायचं, तर पाठीशीच राहावं. आपल्याला पुढे आणायचं काम मुलं आपणहून करतात.