नातीची तहान

आमच्याकडे, निपाणीच्या बाजूला, उन्हातून आलेल्या माणसाला नुसतं पाणी देत नाहीत. आधी गुळाचा खडा, मग तांब्या. नुसतं पाणी पोटात लागतं म्हणतात. बंगळूरला येऊन मला बावीस वर्षं झाली, पण ही सवय सुटली नाही. पार्सल द्यायला कुणी आलं तरी मी आधी गुळाचा डबा शोधते. सून हसायची, "आई, तो बिचारा घाबरतो हो, म्हणतो हे काय देताय!" हसू दे, मी म्हणायची, गूळ-पाण्यानं कुणाचं वाईट झालंय?

मुलगा आनेकलच्या कारखान्यात, सकाळी सहाची बस पकडतो. सून कोरमंगलात हफीसात. ती दोघं गेली की घरात मी आणि माझी नात. नऊ वर्षांची. तिची वेणी, तिचा डबा, तीन वाजता शाळेच्या गाडीतून तिला उतरवून घेणं, सगळं माझ्याकडे. आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला तोरा होता. पोर आईपेक्षा माझी जास्त, असं चारचौघींत सांगायची मी.

मार्चचं ऊन होतं. पोरगी घरात आली की दप्तर फेकायची आणि थेट, "आज्जी, पाणी!" मी गुळाचा खडा द्यायची, वर तांब्या. तो संपवून पुन्हा, "आणि दे." पुन्हा खडा, पुन्हा पाणी. मी म्हणायची, "अगं, पोट आहे का रांजण?" ती म्हणायची, "रांजण!" आणि दोघी हसायचो. पुढं तर मी गूळ किसून, लिंबू पिळून घागरभर करूनच ठेवायला लागले. पोर आवडीनं पितेय, बाटलीतलं रंगीत पाणी मागत नाही, म्हणून मला बरंच वाटलं.

मग टीचरनं वहीत इंग्रजीत काहीतरी लिहून पाठवलं. नातीनंच वाचून दाखवलं, वर्गातून सारखी बाहेर जाते म्हणून. मी म्हटलं, पाणी पिते तर जाणारच की, त्यात लिहायचं काय? आणि खाली मराठीत सही ठोकून दिली. आईबापाला दाखवायची ती चिठ्ठी, पण ती माझ्यापाशीच संपली.

ती माझ्याजवळ झोपते. एका सकाळी अंथरूण ओलं. नऊ वर्षांची पोर, लाजेनं तोंड वर करेना. "आज्जी, आईला सांगू नको ना." म्हटलं, नाही सांगत गं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. सून बाहेर पडली की मी चादर धुऊन गच्चीवर टाकायची आणि ती यायच्या आत घडी करून ठेवायची. आमचं दोघींचं गुपित. एकदा मात्र कंबर फार दुखत होती, तेव्हा म्हणून गेले, "एवढी घोडी झालीस, लाज नाही वाटत?" ती हसली नाही. खाली बघत उभी राहिली.

शाळेचा स्कर्ट कमरेत ढिला झाला, मी पिन लावून दिली. सून म्हणाली, "उंच होतेय, म्हणून बारीक दिसतेय." मला पटलं नाही. एका लग्नात कुणीतरी "किती नाजूक पोर" म्हणालं होतं, ते माझ्या डोक्यात बसलेलं. मीठमिरच्या उतरून जाळल्या. ठसका आला नाही. ठसका नाही म्हणजे दृष्ट मोठी! झालं, माझी खात्री पटली. तीन दिवस ओळीनं दृष्ट काढली.

आता तुम्ही म्हणाल, या बाईला साखरेचं दुखणं ठाऊकच नव्हतं. तसं नाही हो. आमच्या मालकांना होतं. त्यांची भाकरी मी पंधरा वर्षं मोजून वाढली. तेच तर झालं. साखर म्हणजे पोट सुटलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं दुखणं, ते मला दारातून ओळखू येतं, असा माझा समज. वाळत चाललेल्या पोरीत ते बसलं असेल, हे कुठून दिसणार?

वरच्या मजल्यावर एक कन्नड बाई राहते, तिला सगळे अक्का म्हणतात. गच्चीवर तिनं एकदा विचारलं, "अम्मा, रोज चादर? घरात कोण आजारी आहे?" मी म्हटलं, कुणी नाही, धूळ फार. ती 'सरी', म्हणजे बरं, म्हणाली, पण माझ्याकडे बघत राहिली.

त्या शुक्रवारी पोर सकाळीच दोनदा ओकली. पोटात दुखतंय म्हणाली. मुलगा आणि सून दोघंही राहतो म्हणत होते. मीच म्हटलं, "तुम्ही जावा. ऊन बाधलंय, मी आहे ना." दोघं गेल्यावर ग्लुकोजची पूड पाण्यात कालवून चमच्या-चमच्यानं पाजत बसले. दुपारपर्यंत ती उठेना. पळत आल्यासारखा खोल श्वास, आणि तोंडाला वास, जास्त पिकलेल्या अननसासारखा. मी वेडी विचारते, "अननस कुणी दिला गं तुला?" तिनं डोळे उघडले, पण मला ओळखलं की नाही, देव जाणे.

तेवढ्यात अक्का कढीपत्ता द्यायला आली. दारातच थांबली. मग आत येऊन पोरीच्या तोंडाशी वाकली. "अम्मा, हिला तहान किती दिवस लागतेय?" तेव्हा मी सगळं सांगितलं, चादरीसुद्धा. ती धावत वर गेली आणि नवऱ्याचं साखर बघायचं मशीन घेऊन आली. बोट टोचलं. मशीनवर आकडाच आला नाही, दोन इंग्रजी अक्षरं आली.

"बिघडलंय तुझं मशीन," मी म्हटलं.

"बिघडलं नाही, अम्मा. त्यात मावत नाही, एवढी साखर आहे."

"पोरींना कुठं होते साखर?"

"होते. माझ्या बहिणीच्या लेकीला सातव्या वर्षी झाली." आणि तिनं माझ्या हातातला ग्लुकोजचा पेला काढून घेतला आणि मोरीत ओतला.

रिक्षात पोर माझ्या मांडीवर, अक्का पुढं वाकून ड्रायव्हरला "बेग होगी अण्णा, बेग" म्हणत घाई करत होती, आणि सिग्नल काही सुटत नव्हता. मी फक्त श्वास मोजत होते.

दवाखान्यात सून धावत आली, हफीसचं ओळखपत्र गळ्यात तसंच. डॉक्टरीणबाई तरुण होती, हातात कागद. तिनं सुनेला विचारलं, "तहान जास्त होती?" सून म्हणाली, "नाही, तसं काही नाही." "वजन?" "थोडं कमी झालंय." "अंथरूण ओलं करते?" "नाही हो, मोठी आहे आता." डॉक्टरीणबाई 'नाही' लिहायला लागली. तेव्हा मी म्हटलं, "करते. तीन आठवडे झाले. तहान तर त्याच्याही आधीपासून."

सुनेनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. अनोळखी बाईकडे बघावं तसं.

पोर तीन दिवस आतल्या खोलीत होती, तिथं मला जाऊ देत नव्हते. नंतर डॉक्टरीणबाईनं समजावलं, गुळानं हे दुखणं होत नाही, आजी. हिच्या शरीरात इन्सुलिनच तयार होत नाही, त्यात कुणाचा दोष नाही. मी विचारलं, "मग माझी चूक नाही?" ती म्हणाली, "आधीच दुखणं, वरून गोड पाजलंत, त्यानं भर पडली. आणि तुम्ही आधी आला असता, तर ती इतकी खाली गेली नसती." खरं बोलली.

पोर वाचली. आता दिवसातून चार इंजेक्शनं, जन्मभर. सुनेनं नोकरी सोडली. मला एका शब्दानं बोलली नाही, एकदाच भाजी निवडताना म्हणाली, "ती सांगू नको म्हणाली, तरी तुम्ही मला सांगायला हवं होतं, आई." त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. पण पोर आता आईजवळ झोपते.

गेल्या आठवड्यात सूनबाई बँकेत अडकली. फोन आला, "जेवायची वेळ झाली, इंजेक्शन तुम्हीच द्या, मी दाखवलंय तसं, आणि लगेच वाढा." पेनासारखं असतं ते. मी चष्मा लावला, टोक पोरीच्या पोटाजवळ नेलं आणि मागं घेतलं, पुन्हा नेलं, पुन्हा मागं. पोरीनं बघितलं.

"आज्जी, दे इकडे."

तिनं स्वतःच चिमूट धरली, टोचलं, आणि सुई आत धरून शाळेतल्यासारखं मोजायला लागली, ओंदु, एरडु, मूरु. दहापर्यंत. तोंडावरची रेघ हलली नाही.

"दुखतं का गं?"

"दुखतं," ती म्हणाली. "वाढ आता, उशीर नको करू."

मी ताट घ्यायला उठले.