न आलेलं दुखणं

इंदू सप्रे खोकत नसत.

गंगेवरच्या ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत त्या सून म्हणून आल्या, तेव्हापासून श्राद्धाचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. महाराष्ट्रातून पितरांसाठी येणारी माणसं या घरी उतरत. बाहेर नवरा, नीलकंठशास्त्री, मंत्र म्हणत आणि आत इंदूबाई सोवळ्यात चुलीपुढे बसत. श्राद्धाला गॅस चालायचा नाही. लाकडं आणि गोइठे, म्हणजे शेणाच्या गोवऱ्या. खोलीला एकच झरोका.

सासूबाईंचा नियम कडक होता. चुलीपुढे खोकला आला, कफ तोंडात आला, की सोवळं मोडलं. उठायचं, पुन्हा आंघोळ करायची, दुसरं लुगडं नेसायचं आणि स्वयंपाक पहिल्यापासून. माघातल्या थंडीत एकदा असं झालं. त्यानंतर इंदूबाई खोकला गिळायला शिकल्या. छाती आवळायची, श्वास धरायचा, गळ्याशी आलेलं खाली ढकलायचं. पुढे ती सवय चुलीपुरती राहिली नाही.

फुप्फुसांचा जुनाट आजार, डॉक्टर म्हणाले, बिडी ओढणाऱ्यांना होतो तोच.

“मी काय बिड्या ओढते होय?” इंदूबाई रागावल्या.

आजार अधूनमधून उसळायचा. दोनदा प्राणवायू लावावा लागला. प्रत्येक उसळीत फुप्फुसातलं थोडं जातं आणि ते परत येत नाही, हे त्यांना सांगितलं गेलं होतं. म्हणून इस्पितळाच्या एका संशोधनात त्यांनी नाव दिलं. उसळी येण्याआधी रक्तात तिच्या खुणा दिसतात का, हे तिथे तपासत होते. नागपूरहून नोकरीला आलेली मालविका दर महिन्याला रक्त काढायची, नळीत फुंकर मारायला लावायची आणि विचारायची.

“काकू, खोकला?”

“नाही.”

“दम?”

“जिना चढला की लागतो. तुमच्या लिफ्टवाल्यालाही लागेल. एकदा चढून बघ म्हणावं.”

नीलकंठशास्त्री गेले त्याला कार्तिकात वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी मालविकाने इंदूबाईंना बोलावून घेतलं.

“सूज दाखवणारे आकडे चढलेत, काकू. फुंकरीची तपासणीही खाली आलीय. आणि तुम्ही म्हणता, त्रास नाही. खोकला खरंच येत नाही?”

“येतो की. मी येऊ देत नाही.”

मालविका लिहायची थांबली. “इतके महिने मी विचारतेय...”

“बाहेर पडला तर खोकला. आत राहिला त्याला काय म्हणायचं?”

डॉक्टरांनी श्वासाचं औषध बदललं, थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि धुराजवळ जायला बंदी केली.

“कधी येणार ते दुखणं?” इंदूबाईंनी मालविकाला विचारलं.

“दिवस नाही सांगता येत. येण्याची शक्यता जास्त दिसते, एवढंच.”

“आणि आलंच नाही तर?”

“तर चांगलंच की.”

“चांगलं कसं? परवा यांचं श्राद्ध आहे. आजवर लोकांच्या बापांसाठी रांधलं. यांच्यासाठी एकदा रांधायचं होतं. पुढच्या वर्षी मी चुलीपुढे बसू शकेन, असं सांगतं का तुझं रक्त?”

रक्त तेवढं सांगत नव्हतं.

“गॅसवर करू,” घरी मुलगा मुकुल म्हणाला.

“गॅसवरच चालणार होतं, तर मी जन्मभर धूर कशाला खाल्ला?”

सून बकुळ म्हणाली, “मी करते, आई. सोवळ्यात, चुलीवर. तुम्ही दाराबाहेर बसून सांगा. टेन्शन मत लीजिए.”

“चूल पेटवता येते का तुला? शाळेत विज्ञानाच्या तासाला मुलांना शिकवतेस ती आग वेगळी.”

“मोबाइलवर देख लूँगी.”

इंदूबाईंना हसू आलं. रात्रभर मात्र त्या जाग्या होत्या. छातीत त्यांना काहीच वेगळं वाटत नव्हतं. जे वाटत नाही त्याच्यासाठी हे सोडायचं?

श्राद्धाच्या सकाळी त्या उंबऱ्याबाहेर पाटावर बसल्या. बकुळने चूल पेटवली. गोइठे सर्द होते, धूर खोलीभर झाला. बकुळने खीर ढवळायला घेतली आणि एकदम थांबली. तिची पाठ ताठ झाली, खांदे वर गेले, मान खाली दबली. ती श्वास धरून बसली होती. नियम तिला कुणी सांगितला नव्हता. इतकी वर्षं सासूकडे पाहून तिने तो उचलला होता.

स्वतःची पाठ माणसाला कधी दिसत नाही. इंदूबाईंना ती त्या दिवशी दिसली.

“खोक,” त्या म्हणाल्या.

बकुळने मान हलवली.

“खोक म्हणते ना! आणि विझव ती चूल. बाहेर ये. मुकुल, गॅस लाव.”

“आई, बाबांचं श्राद्ध आहे,” मुकुल म्हणाला.

“मला माहीत आहे कुणाचं आहे ते.”

बकुळ अंगणात वाकून कितीतरी वेळ खोकत राहिली. वडे, खीर, भाज्या, सगळं गॅसवर झालं. पानं वाढली गेली, ब्राह्मण जेवून तृप्त झालो म्हणाले. इंदूबाईंनी पदराने डोळे पुसले. धूर तेव्हा केव्हाच निघून गेला होता.

गोळ्या संपल्या. धुकं उतरलं, गंगेपलीकडचा वाळूचा पट्टा दिसेनासा झाला, मग पुन्हा दिसू लागला. उसळी आली नाही.

“गोळ्यांनी टळली का?” इंदूबाईंनी मालविकाला विचारलं. “की यायचीच नव्हती?”

“एका माणसाबद्दल ते सांगता येत नाही, काकू. खूप माणसं पाहिली तर कदाचित सांगता येईल.”

“मी एकच आहे.”

मुकुल म्हणायचा, गोळ्यांमुळे टळलं. बकुळ म्हणायची, धूर नव्हता म्हणून. इंदूबाई दोघांचंही ऐकून घेत. चुलीच्या खोलीवरून जाताना त्यांच्या मनात तिसरीच गोष्ट यायची. दुखणं येणारच नव्हतं, आणि त्या सकाळी त्या तिथे बसू शकल्या असत्या.

पुढच्या महिन्यात त्या रक्त द्यायला गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यात, खूप माणसांमधली एक म्हणून, गेल्या.