दाराशी ठेवलेला प्रश्न

काकांचं सगळं आयुष्य लिफ्टच्या मशीनखोलीत गेलं. गुडघे कुरकुरायला लागले तसं काम सुटलं, पण डोक्यातली लिफ्ट काही थांबेना. मग जुन्या सोबत्यांना जमवून त्यांनी नेटवर एक ग्रुप काढला. अडकलेल्या माणसाला इजा न होता बाहेर कसं काढायचं, एवढ्याच कामाची तिथे चर्चा करायची.

नावावरून पहिल्याच दिवशी जुंपली. काकांचा जोडीदार जाड्या, ज्याला मशीनखोलीच्या दारातून तिरकं होऊन जावं लागे, म्हणाला, "'वरखाली मंडळ' ठेव. मजा येते ऐकायला."

"मजा येते, पण सापडेल का कुणाला? परगावचा मेकॅनिक शोधताना काय लिहील? 'लिफ्टमध्ये अडकलेल्यांची सुटका.' तेच नाव. नाकासमोर."

जाड्याने हात टेकले. काका हट्टी होते, पण बरोबरही होते. मेकॅनिक भराभर आले. त्यांच्या मागून भलतेसलतेही आले, एक विमावाला, एक सकाळ-संध्याकाळ गाणी पाठवणारा. त्या दोघांना हाकलून काकांनी दाराशीच प्रश्न ठेवला, 'तुम्ही लिफ्टचं काम करता का?' उत्तर वाचून काका स्वतः एकेकाला आत घेत. तोवर बसा ताटकळत.

त्या दुपारी फोन वाजला तेव्हा काका जेवून आडवे झाले होते.

"बघा तरी," काकू म्हणाल्या.

"गाणीवाला असेल, परत आत घ्या म्हणत असेल, दुसरं कोण," म्हणत ते कुशीवर वळले.

चहा घेताना त्यांनी फोन उघडला. कुणा बाईने आत यायची परवानगी मागितली होती. प्रश्नाखाली लिहिलं होतं, 'नाही. मी लिफ्टमध्ये अडकलेय. घंटा बंद आहे, फोन लागत नाहीये. बाबा सोबत आहेत, त्यांना दम लागतोय. कुणी आहे का?'

काकांनी चहा तसाच ठेवला. तिला आत घेऊन त्यांनी लिहिलं, 'आहे. दार ओढू नका. बाबांना खाली बसवा. पत्ता सांगा.' बघता बघता सगळा ग्रुप धावून आला. ताई, कुठलं गाव? ताई, कुठली इमारत?

"एवढे हात आहेत रे," जाड्या फोनवर म्हणाला, "पण दार कुठलं ते माहीत नाही."

उत्तर आलं नाही. बाईच्या खात्यावर गाव नव्हतं, फोटोच्या जागी नुसती फुलं होती. काकांचा मेसेज तिने उघडलाही नव्हता.

"सुटली असेल हो," काकू म्हणाल्या. "सुटलेलं माणूस कशाला सांगत बसतंय?"

काकांनाही तेच खरं मानायचं होतं. पण घास घेताना, कूस बदलताना, त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याचा दम त्यांना ऐकू येई. आपण तेव्हा जागेच होतो, हे काही केल्या मनातून जाईना.

पुढे ग्रुपवर कुणीतरी नियमावर बोट ठेवलं. बाई मेकॅनिक नाहीत, त्यांना काढा. जाड्या म्हणाला, नावच बदल, बाहेरच्यांना सापडणार नाही असं काहीतरी ठेव. काकांनी दोघांचंही ऐकलं नाही. त्यांनी दाराशी ठेवलेला प्रश्न तेवढा काढून टाकला. आता कुणीही थेट आत येतं.

फोन वाजला की काका हातातला घास ताटात टाकून बघतात. बहुतेक वेळा गाणीवालाच असतो.