मासिकाला टाचलेली टार्गेटं

आमच्या रायफल क्लबात वर्गणीनं येणारं नेमबाजीचं मासिक हल्ली नीट मिटत नाही. इथली पद्धतच तशी आहे. लेखात सांगितलेलं कुणी करून पाहिलं, की भोकं पडलेलं कागदी टार्गेट त्याच पानाला टाचायचं आणि खाली मत लिहायचं. काल, गोळी झाडताना श्वास कसा रोखायचा यावरच्या लेखाला क्लबातल्या जुन्या सावंतकाकांचं टार्गेट दिसलं. भोकं कडेपर्यंत पांगलेली आणि खाली शेरा, ‘साफ चूक.’

आमच्या घरी छापील कागदाला पाय लागला तर वडील नमस्कार करायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, पण छापलंय म्हणजे खरंच असणार. मी घरातली पहिली पदवीधर, हे अभिमानानं सांगते. तरी छापलेल्यावर मत द्यायचा धीर मला कॉलेजातही आला नाही. इथं मात्र माणसं छापील ओळीशी घरच्यासारखी भांडतात.

क्लबच्या सेक्रेटरींना मासिकाची वर्गणी बंद करायची होती. “दर्जा घसरलाय. अर्धा अंक काडतुसं घरी भरण्यावर. आपल्याला परवानगी तरी आहे का त्याची?”

“नसू दे. वाचतो ना आम्ही,” काका म्हणाले.

“सगळ्यात जास्त नावं तुम्हीच ठेवता.”

“मग? नावं ठेवायला तरी अंक यायला नको?”

सेक्रेटरी हसले आणि मासिकाची वर्गणी चालू राहिली. श्वासावरच्या त्या लेखात सांगितलेलं मीही करून पाहिलं होतं. काकांच्या शेजारी मी माझं टार्गेट टाचलं. भोकं सगळी मधोमध होती. खाली लिहिलं, ‘लेख बरोबर आहे. काका, श्वास तुमचा चुकतोय.’